मोबाइलवरचा पोकर बंद झाला, तरी पासबुक जपा

तायांनो, पोळ्याच्या करीला एखाद्या वावरात पत्त्यांचा डाव बसतो, हे आपल्या वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. पोलिसांची गाडी आली की पळापळ. मग हाच डाव मोबाइलमध्ये शिरला. आधी रमी, तीन पत्ती, मग पोकर.

पोकर म्हणजे तीन पत्तीचा थोरला भाऊ समजा. हातात दोन पत्ते, मधात सगळ्यांचे मिळून पाच, आणि फेरीफेरीला पैसे लावायचे. ज्याचे पत्ते भारी, त्याला मधली रक्कम. पण पूर्ण नाही. अ‍ॅपवाली कंपनी डावातून आपला वाटा कापते. समजा पाच जणांनी दोनशे-दोनशे लावले, हजार जमले आणि कंपनीने शेकडा पाच घेतले. असे वीस डाव झाले की हजार रुपये कंपनीचे, मग कोणीही जिंको. आपल्या गटातलं व्याज फिरून गटातच येतं. इथं दर डावाला पैसा बाहेरच जातो.

मग हे इतकी वर्षं चाललं कसं? आपल्या राज्यात जुगाराचा कायदा १८८७ सालचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. रमीत कौशल्य जास्त, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं होतं. कंपन्यांनी तोच धागा धरून पोकरही कौशल्याचाच म्हणून चालवला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच ठरवला. कर्नाटकात मात्र कंपन्यांना अनुकूल निकाल मिळाला. या ओढाताणीत जाहिराती घराघरात पोचल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. आता कौशल्य की नशीब हा वादच नाही. पैसे लावून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ बंद. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. पोकरबाजीसारख्या मोठ्या अ‍ॅपांनी त्याच आठवड्यात पैशाचे डाव थांबवले. कंपन्या कोर्टात गेल्या. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. घरातल्या पोराचे पैसे बुडाले असतील तर “तक्रार केली तर त्यालाच आत टाकतील” म्हणून गप्प बसू नका. (वावरातल्या डावाला ही सवलत नाही, तिथं जुना कायदा लागतोच.)

नावाजलेली अ‍ॅपं थांबली, पण व्हॉट्सअ‍ॅपवर, टेलिग्रामवर येणाऱ्या लिंका थांबल्या नाहीत. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशाच खेळात ५८ कोटी गेल्याची तक्रार दिली, आणि पोलिसांचा छापा पडला तो गोंदियात. त्याला परत मिळाले होते पाचेक कोटी. तऱ्हा सगळीकडे हीच: आधी थोडं जिंकू द्यायचं. आपल्याकडे ५८ कोटी नसतात, पण सोयाबीनचा चुकारा असतो, गटाचं कर्ज असतं.

याहून मोठी काळजी तुमच्या पासबुकाची. अशा टोळ्यांना पैसे फिरवायला दुसऱ्याच्या नावाची खाती लागतात. “काकू, खातं अन् एटीएम कार्ड द्या, महिन्याला दोन-तीन हजार देतो,” असं ओळखीचं पोरगंच म्हणतं. मग पैसे ज्याचेही असोत, खातं तुमचं. ते गोठलं की लाडक्या बहिणीचे पैसे अडकतात, गटाचा हप्ता थकतो, आणि परमुलुखातल्या पोलिसांची नोटीस तुमच्या दारात येते. असं खातं कोणी आधीच दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन कार्ड बंद करा, मोबाइल नंबर बदलून घ्या अन् तसं लेखी द्या.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा, अ‍ॅप घाईने काढून टाकू नका. पोरगं रात्र-रात्र जागत असेल, चिडत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन आईनं केला तरी चालतो.