घरच्या गव्हाचा पाव आणि पाव भाजण्याचे घरगुती यंत्र

रब्बीचा गहू हाती आला की वर्षाचे धान्य कोठीत भरावे, लागेल तसे दळून आणावे आणि त्याच्या पोळ्या कराव्यात, ही आपल्या घरांतील जुनी रीत होय. पाव मात्र आपण विकतच आणतो. त्याचे नावदेखील पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले. गोव्यात पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवून लाकडाच्या भट्टीत पाव भाजीत, आणि तेथून तो मुंबईकडे आला. आता विजेवर चालणारी पाव-यंत्रे घरगुती वापरासाठी मिळू लागली असल्याने, स्वतःच्या शेतातील गव्हाचा पाव घरीच भाजता येईल काय, असा प्रश्न शेतकरी कुटुंबात निघणे साहजिक आहे. यंत्राला काही हजार रुपये पडतात. गहू योग्य नसेल तर पावाऐवजी वीट बाहेर येते आणि दोन महिन्यांत यंत्र माळ्यावर जाते. म्हणून यंत्राआधी गव्हाचा विचार करणे इष्ट आहे.

पाव फुगतो तो गव्हातील ग्लुटेन या चिवट प्रथिनामुळे. पिठात पाणी घालून ते तिंबले म्हणजे या प्रथिनाचे रबरासारखे जाळे तयार होते. खमिरातील सूक्ष्म जीव पिठातील साखर खाऊन जो वायू सोडतात, तो या जाळ्यात कोंडला जाऊन गोळा फुगतो. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत हे प्रथिन नाही. म्हणून त्यांची भाकरी होते, पाव होत नाही. मात्र गव्हाच्या पिठात पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ मिसळल्यास पाव थोडा बसका पण रुचकर होतो.

सगळा गहूदेखील सारखा नसतो. बन्सी गव्हाचा दाणा कठीण व चकाकदार असतो, त्यात प्रथिनेही भरपूर असतात, आणि शेवया व रवा यांसाठी तो उत्तम होय. परंतु त्याचे ग्लुटेन ताणले जाते ते परत आखडत नाही, त्यामुळे पाव उंच उठत नाही. खपली गव्हाची गोष्टही तशीच आहे. खपलीच्या पुरणपोळीची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही गव्हाला येणार नाही, पण पावासाठी ती एकटी वापरू नये. पावास योग्य तो सरबती वर्गातील, म्हणजे आपण रोजच्या पोळीसाठी वापरतो तो गहू. निफाडच्या संशोधन केंद्राने प्रसारित केलेले त्र्यंबक व तपोवन हे वाण याच वर्गातील आहेत.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. काढणीच्या सुमारास अवकाळी पावसात भिजलेला गहू पावासाठी ठेवू नये. दाणा भिजून कोंब धरू लागला की त्यातील विकरे पिष्टाची साखर करू लागतात; मोड बाहेर दिसला नाही तरी ही क्रिया सुरू झालेली असते. अशा पिठाचा पाव वरून छान तांबूस दिसतो, पण कापला असता आत चिकट व ओलसर निघतो, आणि मग दोष यंत्राला दिला जातो.

पीठ पावाजोगे आहे किंवा नाही हे घरच्या घरी पाहता येते. पंचवीस ग्रॅम कणीक घट्ट भिजवून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी व नंतर वाहत्या पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळावी. कुरडया करताना निघतो तसा पांढरा चीक वाहून जाईल आणि हाती राखट पिवळसर गोळा उरेल. हेच ग्लुटेन. कोंडा धुऊन काढून ते बोटांनी ताणून पाहावे. ताणले जाऊन परत आखडले तर गहू चांगला. लगेच तुटले किंवा लोंबत राहिले तर त्या गव्हाच्या पोळ्याच कराव्यात.

आता यंत्राविषयी. एक भांडे, त्याच्या तळाशी फिरणारे पाते, भोवती विजेची तार तापवणारी पेटी आणि वेळ व उष्णता सांभाळणारी कळ, एवढेच त्याचे अंग आहे. तिंबणे, फुगू देणे, मोडून पुन्हा फुगू देणे व भाजणे ही कामे ते क्रमाने करते आणि त्यास साधारण तीन ते चार तास लागतात. घरात आपोआप पाव करणारे असे यंत्र जपानमधील मात्सुशिता कंपनीने 1987 साली बाजारात आणले. त्याची हकीकत उद्बोधक आहे. प्रथम केलेल्या यंत्रांत पाव वरून करपे आणि आत कच्चा राही. तेव्हा इकुको तानाका या कर्मचारी महिलेने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराजवळ राहून त्याची हातोटी पाहिली. तो गोळा नुसता दाबत नाही, तर ताणताना त्याला पीळही देतो, हे तिच्या ध्यानी आले. मग यंत्राच्या आतील बाजूस खास कंगोरे बसवण्यात आले आणि पाव साधला. पुढे आणखी एक अडचण निघाली. उन्हाळ्यात पीठ लवकर आंबून जाई व त्यासाठी यंत्रात थंडाव्याची सोय करणे खर्चाचे होते. खमीर आरंभी न घालता तिंबणे बरेच झाल्यावर घालावे, या जुन्या युक्तीने तो खर्च वाचला.

ही युक्ती आपल्या हवेत फार उपयोगी आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये घरातील हवाच खमिराला हवी त्याहून अधिक तापलेली असते. तीस अंशांच्या आसपास खमीर उत्तम काम करते. पुढे ते घाईने आंबते, पावास आंबूस वास येतो आणि माथा खचतो. म्हणून उन्हाळ्यात माठातील गार पाणी घ्यावे. कणीक व पाणी यंत्रात पाच मिनिटे मळून यंत्र बंद करावे व गोळा अर्धा तास तसाच राहू द्यावा. तेवढ्या वेळात कोंडा भिजून मऊ होतो. एरवी त्याच्या धारदार कडा ग्लुटेनचे धागे तोडतात. नंतर खमीर घालून यंत्र पहिल्यापासून सुरू करावे. पोळीच्या कणकेचा पाव करणाऱ्याने ही रीत बारमाही ठेवावी, असे आमचे मत आहे.

प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे. चाळलेली कणीक 300 ग्रॅम, पाणी 210 मिलिलिटर, तेल एक मोठा चमचा, मीठ 5 ग्रॅम, गूळ 10 ग्रॅम व कोरडे खमीर 3 ग्रॅम. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. पहिल्या दोन-तीन वेळा निम्मा मैदा व निम्मी कणीक घ्यावी आणि पाणी 195 मिलिलिटर ठेवावे. हात बसला की मैदा कमी करीत जावे. वाटीने मापू नये, वजन करावे. मीठ विसरल्यास पाव बेचव तर होतोच, शिवाय खमिराला आवर न राहून तो फुगून कोसळतो. गिरणीतून आणलेले गरम पीठ लगेच न वापरता पूर्ण निवू द्यावे.

पाण्याचे प्रमाण मात्र कागदावरून ठरत नाही. जात्याच्या दगडाखाली पिष्टाचे कण भरडले गेल्याने चक्कीचे पीठ पाणी जास्त पिते, आणि गव्हागव्हात फरक असतोच. यासाठी खमीर घालून तिंबणे सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरत असेल व बोटाला किंचित चिकटत असेल तर ठीक. खडखड आवाज येत असेल तर चमचाभर पाणी घालावे. तळाशी पसरला असेल तर चमचाभर पीठ घालावे. पोळीच्या कणकेहून तो सैल असावा. भाजणे सुरू झाल्यावर मात्र झाकण उघडू नये.

पाव तयार होताच भांड्यातून काढावा, नाहीतर वाफेने कडा लिबलिबीत होतात. तळाशी टिचकी मारली असता पोकळ आवाज यावा. तासभर निवल्याखेरीज कापू नये.

एका पावास साधारणपणे अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते. ग्रामीण भागात खरी अडचण आहे ती वीज मध्येच जाण्याची. पुष्कळ यंत्रे काही मिनिटांपर्यंतचा खंड सोसतात. त्याहून अधिक वेळ गेल्यास काम तेथेच थांबते. अशा वेळी गोळा तेल लावलेल्या डब्यात काढून झाकून फुगू द्यावा. कुकरची शिटी व रबरी कडे काढून तळाशी मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी आणि कुकर दहा मिनिटे तापवून त्यात डबा ठेवावा. मंद आचेवर पाऊण तासात पाव भाजतो. वरची बाजू फिकी राहते, एवढेच.

उन्हाळ्यात घरचा पाव दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. कापला असता आत तार सुटत असेल व पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येत असेल, तर मातीतून धान्यावर येणाऱ्या जंतूंची ती बाधा होय. असा पाव टाकून द्यावा व भांडे व्हिनेगरच्या पाण्याने धुवावे. पुढील खेपेस पिठात चहाचा चमचाभर व्हिनेगर घातल्यास उपयोग होतो. फ्रिजमध्ये पाव लवकर शिळा होतो. ठेवायचाच असेल तर काप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. बाजारी पावात पूर्वी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट 2016 साली आपल्या देशात बंद करण्यात आले. घरच्या पावात अशा कोणत्याही द्रव्याची गरज नसते.

बचत गटांनी विक्रीच्या हेतूने हे यंत्र घेऊ नये. चार तासांत एक पाव, म्हणजे दिवस मोडून चार-पाचच पाव होतात आणि गटाचे भांडवल अडकते. विक्री करावयाची झाल्यास लहान भट्टी घेणे व 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करणे हाच मार्ग आहे. घरात चार-पाच खाणारी माणसे असून आठवड्यातून तीनदा पाव लागत असेल, गहू सरबती असेल आणि सकाळी तीन-चार तास वीज टिकत असेल, तर यंत्र घेण्यास हरकत नाही. घेण्यापूर्वी ग्लुटेनची परीक्षा तेवढी करून पाहावी. तिला पंचवीस ग्रॅम पिठापलीकडे खर्च नाही.