४७१ मीटरचा छोटा अँटेना

तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणमला नौदलाचा आयएनएस कट्टबोम्मन हा तळ आहे. तिथले सर्वांत उंच मनोरे ४७१ मीटरचे. १९९० पासून इथून समुद्राखालच्या पाणबुड्यांना १८.२ किलोहर्ट्झवर संदेश जातात. या लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर. नियमाप्रमाणे पाव लहरीएवढा उभा अँटेना करायचा, तर तो चार किलोमीटरांच्या वर जाईल. त्या हिशेबाने ४७१ मीटरचा मनोरा खुजाच.

हा सगळा खटाटोप खाऱ्या पाण्यापायी. मिठाचं पाणी वीज वाहतं, आणि त्यातच रेडिओलहर जिरते. वाय-फायची लहर सेंटिमीटरभरातच ढेपाळते. १८.२ किलोहर्ट्झची लहर दर १.९ मीटरला ३७ टक्क्यांवर येते. दहा मीटर खोलीवर तिचा जेमतेम दोनशेवा हिस्सा उरतो. आणखी खोल पोचण्यासाठी अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये ७६ हर्ट्झची केंद्रं २००४ पर्यंत चालवली. तारा जंगलातून मैलोन्‌मैल गेलेल्या, आणि तीन अक्षरांचा संकेत पाठवायला कित्येक मिनिटं लागायची.

ऐकणाऱ्याचं काम मात्र सोपं. पाण्यात शिरताच साडेसोळा किलोमीटरची लहर आक्रसून बारा मीटरांची होते. तिचं विद्युत क्षेत्र दुबळं पडतं, चुंबकीय क्षेत्र टिकून राहतं. म्हणून पाणबुडीत सरळ तारेऐवजी वेटोळं वापरतात: फेराइटच्या काळ्या गाभ्यावर तांब्याची तार, वर पाणी आत न शिरू देणारं आवरण. जुना ट्रान्झिस्टर उघडून पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. एक वेटोळं एका दिशेला बहिरं असतं, म्हणून दुसरं काटकोनात बसवतात. असा अँटेना फारसा कार्यक्षम नसला तरी भागतं. आकाशातल्या विजांची खरखर संदेशाबरोबरच पाण्यात उतरते आणि त्याच्याइतकीच क्षीण होते. दोघांचं प्रमाण बदलत नाही.

पाणबुडीला याच लहरींवर उत्तर द्यायचं झालं, की ही सवलत संपते. लहरीच्या मानाने अँटेना जितका लहान, तितका तो कमी प्रसारित करतो किंवा अगदी अरुंद पट्ट्यातच चालतो. ही मर्यादा हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लॅन चू यांनी १९४८ मध्ये गणिताने मांडली.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेने २०१९ मध्ये यातून एक वेगळी वाट काढली. त्यांनी लिथियम नायोबेटची जेमतेम दहा सेंटिमीटरची कांडी घेतली. विजेच्या दाबाने हा स्फटिक लांबतो, आखडतो. त्यातली ध्वनिलहर प्रकाशाच्या मानाने इतकी सावकाश चालते, की ३५.५ किलोहर्ट्झची अर्धी लहर त्या कांडीत मावते. तेवढ्याच आकाराच्या आधीच्या अँटेनांपेक्षा ही कांडी तीनशेपट कार्यक्षम असल्याचं संशोधकांनी नोंदवलं. तरी तिच्यातून बाहेर पडणारी शक्ती अत्यल्पच.

हजारो किलोमीटरवरच्या पाणबुडीपर्यंत पोचायला अजून मनोरेच लागतात. तेलंगणात विकाराबादजवळ दामगुंडमला नौदलाच्या अशा दुसऱ्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. त्यासाठी सुमारे २,९०० एकर वनजमीन देण्यात आली आहे.