मालिका हत्या आणि ‘मनोविकृती’ : रूढ समजांची चिकित्सा

मालिका हत्या करणारा मनुष्य वेडा, एकलकोंडा आणि पुरुषच असतो, अशी प्रतिमा चित्रपटांनी व वृत्तपत्रांनी रुजविली आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तीन प्रकरणांच्या आधारे तिची तपासणी केली आहे.

गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी शब्दातच आहे. ‘मनोविकृत’ हे विशेषण मराठीत दोन भिन्न अवस्थांना सर्रास लावले जाते. वास्तवाचे भान सुटणे, विभ्रम व संभ्रम होणे हा आजार होय. सहानुभूतीचा व अपराधभावनेचा अभाव ही व्यक्तिमत्त्वाची घडण होय. मालिका हत्या करणाऱ्यांत पहिली अवस्था क्वचितच आढळते. (आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हा घोटाळा दिसतो.) त्याचा भुर्दंड मात्र निरुपद्रवी रुग्णांना पडतो, बदनामीच्या भयाने त्यांचे कुटुंबीय मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास कचरतात.

रामन राघव हा त्या विरळा अपवादांपैकी होय. मुंबईत पदपथांवर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांना ठार मारणाऱ्या या इसमास ऑगस्ट 1968 मध्ये अटक झाली आणि 1969 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने जुनाट संभ्रमी छिन्नमनस्कतेचे निदान केले. 1987 मध्ये शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित झाली. तथापि तो निर्दोष ठरला नाही. भारतीय दंडविधानाच्या कलम 84 नुसार (आता भारतीय न्याय संहिता, कलम 22) केवळ निदान पुरेसे नसते. कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा कायद्याविरुद्ध आहे, हे त्या क्षणी जाणण्यास आरोपी असमर्थ होता काय, हा कायद्याचा प्रश्न आहे. रोगी असूनही दोषी ठरणे त्यामुळेच संभवते.

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडात एकलकोंडेपणा मुळीच नव्हता. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा जणांचे प्राण घेणारे हे कलाशिक्षण घेणारे मित्र होते व हेतू प्रामुख्याने लुटीचा होता. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली.

अंजनाबाई गावित व तिच्या रेणुका आणि सीमा या मुलींनी 1990 ते 1996 दरम्यान बालकांचे अपहरण करून त्यांचा चोरीसाठी आड म्हणून वापर केला. ओझे ठरलेल्या मुलांना मारले. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, ती दयेच्या अर्जांवरील विलंबामुळे. मानसिक आजारामुळे नव्हे.