एका शब्दाची बढती

१९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक खेड्यापाड्यांत पोहोचली. बढतीची वाट मात्र साहेबांच्या मर्जीतूनच जात राहिली. मी बार्शीटाकळीच्या शाखेत अधिकारी होतो. पीककर्जाच्या दिवसांत आमचा एक कारकून रात्री आठपर्यंत खतावण्या जुळवीत बसे; साहेबांच्या घरी हजेरी लावणे त्याला जमत नसे. बढतीच्या जागा थोड्या. साहेबांनी सुचवले आणि त्याच्या गोपनीय अहवालात मी 'उत्कृष्ट'ऐवजी 'समाधानकारक' लिहिले. त्याचे नाव गळाले. पुढल्या वर्षी माझे लागले.

निरोप देताना त्याने एवढेच विचारले, "साहेब, माह्यं काय चुकलं?"

निवृत्तीपर्यंत आणि नंतरही कादंबऱ्यांत मी पुष्कळ माणसे रंगवली. त्या प्रश्नाचे उत्तर अजून लिहिता आलेले नाही.