विश्लेषण : लिव्हरपूलमध्ये लोक 'द सन' पेपर का विकत घेत नाहीत? १९८९ च्या एका मथळ्याची गोष्ट

इंग्लंडच्या उत्तर भागातलं लिव्हरपूल म्हटलं की आपल्याला बीटल्स आणि फुटबॉल आठवतं. पण या शहराची आणखी एक ओळख आहे. कित्येक दशकं ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला 'द सन' हा पेपर इथली बरीच दुकानं ठेवतच नाहीत. 'हा पेपर घेऊ नका' असे स्टिकर टॅक्सींवर आणि दुकानांच्या काचांवर दिसतात. काही जण तर त्याचं नावही पूर्ण लिहीत नाहीत, मधलं अक्षर गाळून तिथे फुली मारतात.

हा बहिष्कार १९८९ पासून सुरू आहे. त्यामागचं कारण काय?

१५ एप्रिल १९८९ ला काय घडलं?

त्या शनिवारी एफए कपची उपांत्य लढत होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. सामना शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभं राहून सामना बघायची लिव्हरपूलच्या चाहत्यांची सुमारे १०,१०० तिकिटं होती. एवढ्या लोकांना आत सोडायला फिरती दारं होती फक्त ७.

बाहेर गर्दी वाढत गेली. दुपारी २.५२ वाजता पोलिसांच्या आदेशावरून बाहेर पडण्याचं एक मोठं फाटक उघडण्यात आलं. लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत शिरले. हे कप्पे आधीच भरलेले होते. बोगदा बंद करून लोकांना बाजूच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळवायला हवं होतं, पण ते झालं नाही.

कप्प्यांच्या बाजूला आणि समोर लोखंडी जाळ्या होत्या. पुढे काय चाललंय, हे मागच्यांना कळत नव्हतं. पुढच्यांना हलायला जागा नव्हती. इथे कुणी सैरावैरा धावत सुटलं नव्हतं. छातीवर इतका दाब आला की अनेकांचा उभ्या जागीच श्वास कोंडला. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबवण्यात आला. या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा आज ९७ आहे. सर्वांत लहान मृत मुलगा १० वर्षांचा होता.

मग पेपरचा संबंध कुठे आला?

चाहत्यांनीच फाटक तोडलं, असं पोलिसांच्या प्रमुख अधिकाऱ्याने त्याच दुपारी फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितलं. ते खोटं होतं, अशी कबुली त्याने २०१५ मध्ये दिली.

चार दिवसांनी, १९ एप्रिलला 'द सन'ने पहिल्या पानावर मोठ्ठा मथळा छापला : 'सत्य'. खाली तीन आरोप होते. चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली आणि मदत करणाऱ्या पोलिसाला मारहाण केली. ही माहिती शेफील्डमधल्या एका वृत्तसंस्थेमार्फत, पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून आली होती. इतर काही पेपरांनीही ती छापली. पण संपादक केल्विन मॅकेन्झी यांच्या 'द सन'ने तिला थेट 'सत्य' म्हटलं.

शहर तेव्हा अंत्यविधींच्या तयारीत होतं. लोकांनी पेपरच्या प्रती रस्त्यात जाळल्या आणि खप कोसळला. तीनच दिवसांनी, २२ एप्रिलला एव्हर्टन आणि लिव्हरपूल या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या चाहत्यांनी आपापले स्कार्फ एकमेकांना बांधून दोन्ही मैदानांच्या मधल्या स्टॅनली पार्कमधून त्यांची लांबच लांब माळ केली.

खरं बाहेर यायला किती वर्षं लागली?

पोलिसांचं नियंत्रण सुटणं हेच मुख्य कारण होतं, असं न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने ऑगस्ट १९८९ मध्येच म्हटलं होतं. तरी १९९१ मध्ये मृत्युचौकशीच्या ज्युरीने 'अपघाती मृत्यू' असा निष्कर्ष काढला. कुटुंबं लढत राहिली.

सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. पोलिसांचे १६४ जबाब मोठ्या प्रमाणात बदलले गेले होते. त्यातल्या ११६ जबाबांमधून पोलिसांना अडचणीचा ठरणारा मजकूर काढला किंवा बदलला होता. 'द सन'च्या आरोपांना कोणताही पुरावा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरने पहिल्या पानावर माफी मागितली. मथळा आणि ही माफी यांत २३ वर्षांचं अंतर होतं.

२६ एप्रिल २०१६ ला नव्या मृत्युचौकशीच्या ज्युरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदा हत्येत मोडतात आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

आता बहिष्कार का सुरू आहे?

माफी उशिरा आली, ही अनेकांची पहिली तक्रार. दुसरी म्हणजे २०१६ चा निकाल देशभरातल्या पेपरांच्या पहिल्या पानावर असताना 'द सन'च्या पहिल्या पानावर तो नव्हता. २०१७ मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांनी या पेपरच्या पत्रकारांना प्रवेश बंद केला.

बहिष्काराचा परिणाम राजकारणातही दिसतो, असं दोन राज्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळलं. युरोपीय संघाविरोधात सतत लिहिणारा हा पेपर वाचणं बंद झाल्यावर या भागात त्या संघाबद्दलचा विरोध कमी झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. २०१६ च्या सार्वमतात लिव्हरपूलमध्ये ५८ टक्के मतं संघात राहण्याच्या बाजूने पडली.

शिक्षा कुणाला झाली?

फक्त एकाला. मैदानाच्या मालक क्लबच्या तत्कालीन सचिवाला सुरक्षेच्या एका गुन्ह्यात ६,५०० पौंड दंड झाला. प्रमुख पोलीस अधिकारी २०१९ मध्ये निर्दोष सुटला. जबाब बदलल्याचा खटला २०२१ मध्ये कोसळला, कारण ते जबाब टेलर चौकशीसाठी होते आणि कायद्याच्या दृष्टीने ती चौकशी म्हणजे न्यायालय नव्हतं.

हीच पळवाट बुजवण्यासाठी कुटुंबं 'हिल्सबरो कायदा' मागत होती. सरकारी अधिकाऱ्यांवर चौकशीत खरं सांगण्याचं कायदेशीर बंधन घालणारं हे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडण्यात आलं.

आपल्यापर्यंतही गर्दीतल्या दुर्घटनांची पहिली माहिती बहुतेक वेळा पोलिसांकडूनच येते आणि मोबाइलवर मथळा काही मिनिटांत पोहोचतो. ती माहिती दिली कुणी आणि त्या गर्दीची जबाबदारी कुणाकडे होती, हे त्या बातमीत लिहिलंय का, एवढं तरी शेअर करण्याआधी बघता येतं.