लागवडीचा, लागवडीची, लागवडीचं

घरातला भात, फोडणीतली लसूण आणि सणासुदीच्या दुधातलं केशर. वनस्पतिशास्त्रात या तिघांची नावं आहेत ओरायझा सटायव्हा, ॲलियम सटायव्हम आणि क्रोकस सटायव्हस. दुसरा शब्द विशेषण; तिन्हीकडे तेच, अर्थही तोच: लागवडीचा. मग शेवट तीन तऱ्हांचे का? कारण लॅटिनमध्ये विशेषणाला स्वतःचं लिंग नसतं, ते नामाचं घ्यावं लागतं. ओरायझा स्त्रीलिंगी, ॲलियम नपुंसकलिंगी, क्रोकस पुल्लिंगी. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल म्हणणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटू नये. लिंगाबरोबर वचन आणि विभक्तीही जुळावी लागते. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे ओळखीचंच वाटेल.

खरी गंमत पुढेच आहे. वरच्या जोड्यांत नाम आणि विशेषण यमक जुळवून उभे आहेत. त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं, शेवट सारखा केला की झालं. तिथेच तो फसतो. 'नॉटा' म्हणजे खलाशी. रूप बायकी, पण शब्द पुल्लिंगी. म्हणून चांगला खलाशी 'नॉटा बोनस', 'बोना' नव्हे. झाडांचं नेमकं उलट. लिनियसने 1753 साली पिंपळाला नाव दिलं फायकस रिलिजिओसा, आणि चिंचेला टॅमरिंडस इंडिका. दोन्ही नामं पुरुषी वेशातली, पण लॅटिनमध्ये झाडं बहुधा स्त्रीलिंगी, आणि विशेषण ते गुपित फोडून टाकतं. आपल्याकडे 'काका' आणि 'शाळा' दोन्ही आकारान्त, तरी 'मोठा शाळा' कुणी म्हणत नाही. तसंच हे.

शास्त्रज्ञांचीही यातून सुटका नाही. विदर्भाच्या जंगलातला भरीव मानवेल बांबू घ्या. विल्यम रॉक्सबर्गने तो बांबोस स्ट्रिक्टा म्हणून नोंदवला. पुढे त्याची प्रजाती डेंड्रोकॅलॅमस ठरली. ती पुल्लिंगी, म्हणून स्ट्रिक्टाचं झालं स्ट्रिक्टस. बांबू तोच, रानही तेच. पण नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम तिथे ढिलाई चालू देत नाहीत.

बाजार एवढा काटेकोर नसतो. दिवाळीला ज्याची वाट पाहतात तो बोनस म्हणजे वरच्या खलाशाचंच विशेषण, नामाला सोडून इंग्रजीत शिरलेलं. 'चांगली गोष्ट' म्हणायची तर लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी 'बोनम' हवं होतं. रूढ झालं ते पुल्लिंगी रूप. मराठीत आपणही 'बोनस मिळाला' असंच म्हणतो.