कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव समजून घेताना

हैदराबादच्या रेड हिल्स भागातले नीलोफर रुग्णालय 1953 साली सुरू झाले. तेलंगणभरातून इथे नाजूक बाळे येतात. नांदेड-देगलूरकडची कुटुंबेही उपचारासाठी हैदराबाद गाठतात. काचेच्या पेटीतल्या बाळाच्या ‘मेंदूत ब्लीडिंग आहे’ हे ऐकले की घरच्यांचे हातपाय गळतात. म्हणून आपण ते क्रमाने समजून घेऊ.

कुठे होतो? मेंदूच्या आत द्रवाने भरलेले कप्पे असतात. गर्भात त्यांच्या कडेला नव्या पेशी घडवणारा थर असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. साधारण 34 आठवड्यांपर्यंत हा थर विरतो. म्हणून 32 आठवड्यांआधी किंवा दीड किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळांना धोका अधिक. रक्तदाब, श्वास वरखाली झाला की या वाहिन्या फुटू शकतात. ‘जिने चढलीस म्हणून झाले’ असा दोष आईला देऊ नये.

केव्हा? बहुतेक वेळा पहिल्या 72 तासांत.

कसे कळते? अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. टाळूवर यंत्र टेकवून सोनोग्राफी करतात. ती पेटीतच होते आणि बाळाला दुखत नाही. पहिली तपासणी चांगली आली म्हणून पुढची टाळणे, ही इथली नेहमीची चूक.

श्रेणी म्हणजे काय? पहिल्या श्रेणीत रक्त त्या थरापुरते राहते, दुसरीत कप्प्यात उतरते, तिसरीत कप्पे फुगतात. चौथीत शेजारच्या शिरा तुंबून मेंदूच्या त्या भागाला इजा होते; हा एक प्रकारचा पक्षाघातच. पहिल्या दोन श्रेणींतली बहुतेक बाळे पुढे चांगली वाढतात.

उपचार? झालेला रक्तस्राव पुसून टाकणारे औषध नाही. बाळाचा श्वास आणि रक्तदाब स्थिर ठेवतात, हाताळणी कमीत कमी करतात.

पुढचे आठवडे. साकळलेल्या रक्ताने द्रवाची वाट अडली तर डोक्यात पाणी साठते. म्हणून डोक्याचा घेर नियमित मोजतात. टाळू फुगणे, वारंवार उलट्या, सुस्ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरज पडल्यास शंट, म्हणजे जादा द्रव पोटात सोडणारी बारीक नळी, बसवतात.

घरी आल्यावर. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी त्याची प्रगती चार महिन्यांच्या बाळासारखी मोजावी. मात्र ‘मागाहून शिकेल’ म्हणून तपासण्या चुकवू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी आणि व्यायामोपचार मिळतात.

आधीच काय करता येते? वेळेआधी कळा सुरू झाल्यास आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात: 6 मिलिग्रॅम, 12 तासांच्या अंतराने, चार वेळा. त्याने बाळाची फुप्फुसे तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही घटतो. जन्मल्यावर बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आईलाच आधी नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नेणे अधिक सुरक्षित. म्हणून दिवस भरण्याआधी पोटात कळ आली, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.